टिंबवाली शाहीनताई

शाहीनताई मुजावरला राग आला की ती उठायची नाही. दोन्ही पाय टेबलाला लावून खुर्ची मागं ढकलायची. राजारामपुरीतल्या आमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात फरशी गुळगुळीत होती आणि खुर्चीला चाकं होती, त्यामुळं ज्याच्यावर राग आलाय त्याच्या टेबलापाशी ती थेट पाठमोरी येऊन थांबायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात ती अशी माझ्याकडं आली, गर्रकन वळली आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय हाय?"

"यादी," मी म्हणालो. एका लॉजच्या वेबसाइटचं पान होतं. गरम पाणी, टीव्ही, गाडी लावायला जागा. प्रत्येक ओळीच्या आधी मी एक आडवी रेघ टाइप केली होती.

"यादी न्हाय ही. यादीचं सोंग हाय."

तिनं माझा कीबोर्ड ओढून घेतला, रेघा पुसल्या, सगळ्या ओळींना मिळून यादीची खूण घातली, मग एकेका ओळीला तिची खूण घातली आणि पान पुन्हा उघडलं. ओळींपुढं काळी टिंबं उगवली होती.

"आता झाली यादी. मघाशी ही यादी हाय हे तुला एकट्याला म्हाईत होतं, आता कॉम्प्युटरला पण कळलं. टिंब गोल पाहिजे, चौकोनी पाहिजे, का नकोच, ते तिकडं स्टाइलशीटमधी सांगायचं. काय हाय ते इकडं, कसं दिसतंय ते तिकडं. दोन्ही एका ताटात कालवायचं न्हाय. कुठला तू?"

"इचलकरंजी."

"तरीच. मागाच्या आवाजात कुणी काय सांगितलेलं ऐकूच येत नसंल."

आणि खुर्ची ढकलत परत गेली.

ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा वेबसाइट म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यातच निम्मा दिवस जायचा. साळोखेसाहेबांचं ते लहानसं ऑफिस, आम्ही चार-पाच जण, आणि आमच्यात शाहीनताई सगळ्यांत जुनी. घर कसबा बावड्यात. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, ते रिटायर होऊन घरी बसलेले. भाऊ माझ्याच गावात, इचलकरंजीत, यंत्रमाग चालवायचा. ताईनं पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि बाकीचं सगळं स्वतःच्या हट्टानं शिकली होती. आवाज असा, की ती फोनवर बोलत असली तर खालचा झेरॉक्सवाला वर बघायचा. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी करतो' असंच बोलायची.

वेबपान बनवणाऱ्यांना मोठमोठ्या गोष्टींचं वेड असतं. हलणारी चित्रं, सरकणारी अक्षरं. ताईचा जीव याद्यांत. ती म्हणायची, माणूस सलग मजकूर वाचतच नाही. टिंब दिसलं की तिथं त्याचा डोळा टेकतो. टिंब ओळीच्या बाहेर, डावीकडं एकटं उभं असलं पाहिजे आणि मजकूर लांबून दुसऱ्या ओळीवर आला तर त्यानं पहिल्या ओळीच्या अक्षराखालीच सुरुवात केली पाहिजे. कुणाची दुसरी ओळ टिंबाखाली घुसलेली दिसली की ऑफिसभर ओरडायची, "टिंब दारात उभं ऱ्हायला पाहिजे! घरात घेऊ नका त्याला!"

ब्राउझरांशी तर तिचं भांडणच होतं. एक ब्राउझर यादीच्या डावीकडची मोकळी जागा मार्जिन म्हणून, म्हणजे चौकटीच्या बाहेर सोडायचा, दुसरा पॅडिंग म्हणून, म्हणजे आत. एकात यादी नीट बसवली की दुसऱ्यात ती एक तर भिंतीला चिकटायची नाही तर पानाच्या मध्यावर जाऊन बसायची. नवा माणूस यात दोन-दोन दिवस झुंजायचा. ताईचा उपाय ठरलेला. "दोघा पोरांच्या हातातलं आधी काढून घ्यायचं. मार्जिन पण शून्य, पॅडिंग पण शून्य. मग आपल्याला पाहिजे तेवढं आपल्या हातानं द्यायचं. रडू देत."

एकदा एक गुळाचे व्यापारी आले. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, बोलणं दणदणीत. त्यांना गुळाचे प्रकार सांगणारं पान हवं होतं आणि प्रत्येक ओळीच्या आधी टिंबाऐवजी गुळाची ढेप हवी होती. साळोखेसाहेब हो म्हणून मोकळे झाले. ताईनं खुर्ची ढकलली.

"पावणं, एवढ्या ढेपा लावल्या तर पानाला मुंग्या लागतील की."

व्यापारी असे हसले की टेबलावरचे चहाचे कप हलले. "लागू देत की ओ! तेवढीच जाहिरात!"

यादीच्या टिंबाच्या जागी चित्र लावता येतं. पण ते चित्र कुठं बसायचं ते ब्राउझरच ठरवायचा. ढेप कधी ओळीच्या डोक्यावर तरंगायची, कधी खाली घसरायची. शेवटी ताईनं टिंब काढूनच टाकलं, ढेप प्रत्येक ओळीच्या मागं पार्श्वभूमी म्हणून लावली आणि अक्षरांना डावीकडून तेवढी जागा सोडायला लावली. ढेप अगदी नखाएवढी, पण बघणाऱ्याला कळावं की ही ढेपच. व्यापाऱ्यांनी पान बघितलं आणि दुसऱ्या दिवशी खरी ढेप घेऊन ऑफिसात आले. "टिंबवाल्या मॅडम कुठं हायत?" तेव्हापासून बाजारात तिचं ते नावच पडलं.

तिच्या काही सवयी मात्र आम्हाला खटकायच्या. थंडीच्या दिवसांत अंधार पडायच्या आत ती निघायचीच, काम कितीही राहिलेलं असो. रस्त्यात समोरून आली तरी ओळख द्यायची नाही. बाजूनं कुणी चहाचा कप पुढं केला तर तो तसाच धरून उभं राहावं लागायचं. हाक मारली की मग घ्यायची. खुर्चीवरून न उठण्याची सवय तर सांगितलीच. आम्ही आपापसांत म्हणायचो, मिजास आहे बाईला.

याच काळात तिच्या घराजवळच्या बायकांच्या एका गटाचं काम आलं. कांदा-लसणाची चटणी करून विकायच्या त्या. ताईची आई, म्हणजे अम्मी, त्या गटात. पान मराठीत करायचं आणि त्यात चटणी कशी करायची ते अम्मीनं सांगायचं, असं ठरलं. अम्मी ऑफिसात येऊन ताईशेजारी बसली. मिरच्या कुठल्या, खोबरं किती भाजायचं, कांदा उन्हात किती वाळवायचा. ताई टाइप करत गेली आणि पान उघडून दाखवलं. क्रमांकांची यादी नीट आली होती, फक्त आकडे इंग्रजी.

अम्मी म्हणाली, "अक्षरं आपली आणि आकडं त्यांचं? हे गं काय?"

ताईला ते लागलं. आकडे हातानं टाइप करणं सोपं होतं, पण मग तेच यादीचं सोंग. मध्येच एक पायरी वाढली की खालचे सगळे आकडे बदलत बसा. आकडा यादीनंच द्यायला हवा आणि तो मराठीत द्यायला हवा. तिनं कुठून कुठून शोधून काढलं की देवनागरी आकडे मागण्याची एक सोय आहे, पण ती सगळ्या ब्राउझरांना कळत नाही. दुपारी एकदम आरोळी आली, "आलं! आलं बघा!" आम्ही सगळे धावलो. एका ब्राउझरात खरंच एक, दोन, तीन मराठीत उभे होते. दुसऱ्यात, जो तेव्हा जवळपास सगळेच वापरायचे, त्यात इंग्रजीच. ताई दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून बघत बसली. "एक पोरगं शिकलं," ती म्हणाली. "दुसरं पण शिकंल."

त्याच वर्षी उन्हाळ्यात ती जिन्यावरून पडली. भर दुपार होती, पण लोडशेडिंगमुळं वीज गेली होती आणि आमच्या जिन्याला खिडकी नव्हती. आम्ही पुढं उतरलो होतो. आम्हाला पायऱ्या अंधुक का होईना दिसत होत्या. तिला काहीच दिसलं नाही. हात मोडला. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता दोन-तीन प्रश्न विचारले आणि मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं.

मिरजेला जाऊन ती ऑफिसात परत आली ती प्लास्टरमधल्या हातानं, चहाची वेळ झालेली असताना. कुणी विचारायच्या आतच म्हणाली, "डोळ्याचा पडदा सुकाय लागलाय. कडंनं. आज्ज्याला होतं माझ्या, तेच. औषध न्हाय. कधी पुरतं जाईल ते सांगता येत न्हाय म्हणाले." आणि लगेच, "चहा द्या की. हातात द्या पण, बाजूनं नको. बाजूचं दिसत न्हाय मला, तुम्हाला वाटतंय मिजास करतोय."

तिचं लग्न ठरलेलं होतं. निपाणीचा मुलगा, हायस्कुलात मास्तर. दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा तेव्हा तिचा तो आवाज कुठं जायचा कोण जाणे. गॅलरीत तोंड फिरवून कुजबुजायची आणि आम्ही चिडवायचो. घरच्यांचं म्हणणं, आत्ता काही सांगू नये, अजून दिसतंय ना, लग्न होऊन जाऊ दे. ताईनं त्याला कोल्हापूरला बोलावून घेतलं आणि रंकाळ्यावर बसून सगळं सांगितलं.

"काय म्हणाला?" मी नंतर विचारलं.

"चांगलं बोलला. रडला पण. घरात विचारून फोन करतो म्हणाला." तिनं पडद्याकडं तोंड केलं. "माळी, एक सांगू? तो उठून गेला तेव्हा मी त्याला पार वळणापर्यंत बघायचं ठरवलंतं. पण ऊन उतरलंतं. धा पावलांवर गेला आणि दिसायचाच बंद झाला."

त्याचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. ऑफिसातल्या फोनची घंटा वाजली की मात्र पुढचे कित्येक दिवस तिची मान वर व्हायची.

त्यानंतर ती वर्ष-दीड वर्ष कामावर येत होती. साळोखेसाहेबांनी मोठा मॉनिटर आणून दिला. ती अक्षरं मोठी करायची, मग आणखी मोठी. नळीतनं बघितल्यासारखं दिसतंय म्हणायची, एका वेळी एक शब्द. यादी लिहून झाली की मला बोलवायची.

"माळी, दुसरी ओळ सरळ हाय का?"

"हाय ताई."

"अक्षराखाली? टिंबाखाली न्हाय ना?"

"न्हाय. एकदम सरळ."

मी टेबलावर परतलो की ती हळूच दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारायची. माझा शब्द खोटा वाटायचा म्हणून नव्हे. स्वतःच्या डोळ्यांनी ती नेहमी दोनदा तपासायची, तेच आता आमच्या डोळ्यांनी करत होती.

साळोखेसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला एक दिवस केबिनमध्ये बसवून सांगितलं, "ताई, तुम्ही आता फोन तेवढे घेत जावा. गिऱ्हाइकांशी तुमचं चांगलं जमतंय." दार उघडंच होतं, आम्हाला ऐकू येत होतं. ताई म्हणाली, "साहेब, पगार द्यायचा म्हणून माझ्यासाठी काम काढू नका. तसं मला न्हाय जमणार." त्या महिन्याअखेरीस तिनं येणं बंद केलं. जाताना आपली खुर्ची तिनं हातानं ढकलत नेऊन भिंतीला लावून ठेवली. त्या खुर्चीवर पुढं बरेच दिवस कुणी बसलं नाही.

मी अधूनमधून बावड्याला जायचो. भावानं तिला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम सीडीवर आला होता आणि ती तो शिकली होती. माउस नाही, नुसता कीबोर्ड. बाणाची कळ दाबली की तो इंग्रजीत घडाघडा बोलायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखा उजळलेला होता. "बस, बस. तुला गंमत ऐकवतो."

तिनं लॉजचं ते इंग्रजी पान उघडलं. आवाज म्हणाला, यादी, सहा गोष्टी. टिंब, गरम पाणी. टिंब, टीव्ही. आणि शेवटी, यादी संपली.

"ऐकलंस? किती गोष्टी हायत ते आधी सांगतोय. ऐकायच्या का सोडून पुढं जायचं ते मी ठरवतो. तू ज्या रेघा घातल्या हुत्यास ना, तसल्या पानावर ह्यो नुसता रेघ, रेघ, रेघ असं बरळतोय. सुरू कुठं झालं, संपलं कुठं, कायबी कळत न्हाय." ती हसली. "मला हे तेव्हा म्हाईत न्हवतं रं. मी आपलं नीट असावं म्हणून करत हुतो."

मग तिनं अम्मीला हाक मारली. "अम्मी, ये. तुझी चटणी ऐकवतो." मराठी पान त्या आवाजात ऐकून बघायचं मलाही आजवर सुचलं नव्हतं, आणि बहुधा तिलाही नव्हतं. अम्मी पदराला हात पुसत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. ताईनं ते मराठी पान उघडलं.

यादी, नऊ गोष्टी, असं तो आवाज म्हणाला. मग वन. मग शांतता. टू. शांतता. थ्री. त्या इंग्रजी आवाजाला मराठी अक्षर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. जिथं अम्मीचं खोबरं होतं, मिरच्या होत्या, तिथं तो गप्प बसत होता आणि नुसते आकडे सांगत पुढं चालला होता, तेही इंग्रजीत. नाइन म्हणाला आणि यादी संपली म्हणाला.

अम्मी म्हणाली, "माझं काय वाचलंच न्हाई की गं त्यानं."

ताईनं पुन्हा कळ दाबली. पुन्हा वन, टू, थ्री. तिसऱ्यांदा दाबली. मग अम्मीनं तिचा हात धरून कीबोर्डवरून बाजूला घेतला.

"बघ माळी," ताई म्हणाली, आवाज सरळ ठेवून, "जेवण समदं गेलं आणि ताटं तेवढी मांडून ठेवल्यात."

अम्मी स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आधी वडील गेले, मग अम्मी. भावानं बावड्यातलं घर भाड्यानं दिलं आणि ताईला इचलकरंजीला नेलं. तोपर्यंत तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, तेही अंदाजानं. मी तोवर पुण्याला नोकरीला लागलो होतो. सणासुदीला गावी यायचो, पण तिच्याकडं जायला मुहूर्त लागला तो दोन हजार दहाच्या आसपास. मी तेव्हा मुद्दाम गेलो, कारण माझ्याकडं तिच्यासाठी काहीतरी होतं. देवनागरी वाचणारा एक नवा प्रोग्राम निघाला होता. हिंदीच्या वळणानं वाचायचा, पण मराठी कळायचं. मी तो पेनड्राइव्हवर घेतला होता आणि चटणीचं पानही.

घर गल्लीच्या आत. दोन्ही बाजूंनी मागाची शेडं, मध्ये त्यांची खोली. त्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालेलो नसलो तरी तो आवाज माझ्या अंगात आहे. मला तो ऐकूच येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आला. दारात उभा राहून मी तीनदा हाक मारली. ताई समोर पलंगावर बसली होती, तोंड माझ्याकडंच होतं आणि तिला कळलं नाही. मी जवळ जाऊन तिच्या हाताला हात लावला तेव्हा ती दचकली.

"ताई, माळी."

"माळी!" तोच आवाज. "अरं, हाक तरी मारायची!"

कॉम्प्युटर कोपऱ्यात चादरीखाली होता. "हितं त्याचं बोलणं कुणाला ऐकू येतंय?" ती म्हणाली. "हेडफोन लावून आवाज पार वर केला की कान दुखत्यात, आणि वहिनी हाक मारती ती कळत न्हाय. मग ती बिचारी चिडती. माग बंद असला की कधी लावतो."

मी चादर काढली, प्रोग्राम टाकला, चटणीचं पान उघडलं. तिला सांगितलं की आता नव्या ब्राउझरांत मराठी आकडे येतात, पहिल्यासारखी शोधाशोध करावी लागत नाही.

"सगळ्यात?"

"सगळ्यात न्हाय अजून. पण आता बऱ्याच जणांत."

"म्हंजे दुसरं पोरगं शिकलं म्हण की." ती हसली, मग म्हणाली, "अम्मीला दाखवाय पाहिजे हुतं."

तिनं हेडफोन लावले, दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले, मान खाली घातली. मी कळ दाबली. ती ऐकत होती. कपाळाला आठ्या पडल्या. शेजारच्या शेडात माग खटाखटा चालूच होते.

"काहीतरी बोलतंय," ती म्हणाली. "बाई बोलतीया का बाप्या, तेबी कळंना. मराठी हाय?"

"मराठी हाय ताई. चटणीच वाचतोय."

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "ऱ्हाऊ दे. सुट्टीच्या दिवशी ऐकतो. निवांत."

त्या पावसाळ्यात तिला ताप आला, डेंग्यू निघाला, आणि चार-पाच दिवसांत ती गेली. भावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो. मधे मागाला किती सुट्ट्या आल्या असतील. तिनं ते पान लावलं का, अम्मीची चटणी तिनं ऐकली का, मला माहीत नाही. भावाला विचारायचं माझ्यानं झालं नाही.

मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो त्या दिवशी, निघालो तर ती म्हणाली, गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. माझ्या कोपराला धरून आली, मोठमोठ्यानं बोलत, माझ्या बायकोची, पोराची चौकशी करत. वळणावर थांबली. मी म्हणालो, थांब, तुला परत घरापर्यंत सोडतो.

"कशाला? मी जातो की."

"दार कुठलं ते कसं कळतं?"

तिनं माझं कोपर सोडलं आणि हात शेडच्या भिंतीवर सपाट ठेवला. "लाव हात. लाव."

मी लावला. आत माग चालू होते आणि भिंत थरथरत होती.

"हिला धरून चालायचं. भिंत थरथरायची थांबली की आपलं घर."

एवढं बोलून ती वळली आणि निघाली. उन्हात, तळहात भिंतीला लावून, न अडखळता. मी तिथंच उभा होतो. ती मधेच एकदा थांबली, तळहात पुढं सरकवला, मागं घेतला, पुन्हा पुढं सरकवला. मग आत वळली.